निकोटीन गम चावायची रीत गावागावात पोहोचवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिडी-सिगारेट सोडायची म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घ्यायचा, ही गोष्ट आता शहरापुरती राहिलेली नाही. नागपूर-अमरावतीला शिकायला, कामाला गेलेली पोरं सुटीत गावी येताना ते रंगीत नळकांडं खिशातून आणतात आणि घरातल्या काकांना, मामांना सांगतात, की हे ओढा, सिगारेट आपोआप सुटेल. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. त्यामुळे 'वाईट आहे, फेकून दे' एवढंच म्हणून भागत नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. सिगारेट जीव घेते ती मुख्यतः जळणाऱ्या तंबाखूच्या धुरामुळे, त्यातल्या डांबरामुळे आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे. निकोटीनचं काम सवय लावण्याचं. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तारेचं वेटोळं तापतं, त्यातला कापूस द्रव शोषून घेतो आणि त्या द्रवाची वाफ होते. इंग्लंडमध्ये 886 जणांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेप घेणाऱ्यांपैकी 18 टक्के लोक वर्षानंतर सिगारेटपासून दूर होते, तर निकोटीनचा गम, अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी वगैरे घेणाऱ्यांपैकी 9.9 टक्के. मात्र त्याच चाचणीतला पुढचा आकडा सहसा कोणी सांगत नाही. व्हेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पट्टीच्या गटात असे 9 टक्के होते. शिवाय दोन्ही गटांना सुरुवातीचे किमान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशन मिळत होतं. नुसतं नळकांडं हातात देऊन कोणाला सोडून दिलेलं नव्हतं.

दुसरं म्हणजे इंग्लंडमध्ये या मालाला माप आहे. एका मिलिलिटर द्रवात जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम निकोटीन आणि टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी नाही, असा तिथला नियम. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा हे सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे इथे हाती येतो तो सगळा चोरटा माल. त्यावर '5 टक्के' छापलं असेल, तर एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम निकोटीन झालं, इंग्लंडच्या मर्यादेच्या अडीचपट. आणि तो छापही खरा मानायला काही आधार नाही. चोरट्या द्रवाने काय होतं, ते अमेरिकेने 2019-20 मध्ये पाहिलं. फुप्फुसं निकामी होऊन 2,800 हून अधिक लोक रुग्णालयात गेले, 68 दगावले. त्याचं मुख्य कारण निघालं गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेलं 'व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट'. ओढणाऱ्याला आत काय आहे हे कळायला मार्गच नव्हता.

द्रव संपत आला की आतला कापूस कोरडा पडतो, तरी वेटोळं तापतच राहतं. कापूस करपतो, घशाला जळका ठसका लागतो आणि त्या वाफेत फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन तयार होतं. चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, लिथियमची बॅटरी मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवणं धोक्याचंच. आणि गोड वासाचा तो द्रव लहान लेकराच्या तोंडात गेला, तर थोडक्यावरच विषबाधा होते.

सगळ्यात जास्त घडतं ते वेगळंच. घरात व्हेप आणि पानठेल्यावर सिगारेट, असं दोन्ही चालू राहतं. दहाच्या पाच सिगारेटी झाल्या म्हणून समाधान मानलं जातं, पण हृदयाचा धोका त्याने अर्ध्यावर येत नाही. थोड्या धुरानेही हृदयाचं बरंच नुकसान होतं.

मग आपल्याकडे सोडायची कशाने? उत्तर मेडिकलच्या दुकानात आहे. धुराशिवाय थोडं निकोटीन देऊन तलफ भागवणारा 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. 'गम खाऊन पाहिला, काही उपयोग नाही' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. खोदून विचारलं, तर प्रत्येकाने तो च्युइंगगमसारखा कचाकचा चावलेला असतो. तसा चावला की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं. मग उचकी लागते, छातीत जळजळतं, मळमळतं, आणि तलफ होती तिथेच.

रीत अशी आहे. गम सावकाश चावायचा, दहा-पंधरा वेळा. जिभेला मिरं लागल्यासारखं चुरचुरलं की चावणं थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा, कारण निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. चुरचुर ओसरली की पुन्हा थोडा चावायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं साधारण अर्धा तास चालतं. गम खायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबूसरबत, ताक काही नाही. आंबट झालेल्या तोंडात निकोटीन शोषलंच जात नाही. चहा घेऊन लगेच गम टाकणं ही आपल्याकडची सर्रास होणारी चूक आहे.

सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, गमचं पोहोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळे तलफ आल्यावर गम शोधू नये. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी, असं घड्याळाप्रमाणे घ्यायचं. पाकिटावर लिहिलेली दिवसाची मर्यादा ओलांडायची नाही. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर 2 मिलिग्रॅम अपुरं पडतं. अशांनी डॉक्टरांकडे जाऊन 4 मिलिग्रॅमचा गम किंवा दुसरं औषध लिहून घ्यावं. दात नसलेल्या, कवळी असलेल्या म्हाताऱ्यांना निकोटीनची चघळायची गोळी सोयीची. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

एक गोष्ट डॉक्टरही घाईत सांगायची विसरतात. धुरामुळे यकृत काही औषधं आणि चहातलं कॅफिन लवकर निकालात काढतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो, झोप उडते, छाती धडधडते, आणि माणसाला वाटतं की बिडी सोडल्यामुळे तब्येत बिघडली. पहिल्याच दिवसापासून चहा निम्म्यावर आणावा. दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या चालू असतील, तर सोडायच्या आधी डॉक्टरांना कळवावं, मात्रा कमी करावी लागते. चिडचिड, बेचैनी पहिले तीन-चार दिवस जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच.

आता खर्रा. सिगारेट सुटली म्हणून खर्ऱ्याची पुडी धरणं हा विदर्भातला फार मोठा घात आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. पन्नीवर घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखू-चुन्याने तोंड उघडेनासं होतं, बोट जाईल एवढीही फट राहत नाही, आणि पुढे कर्करोगाची भीती. गालात गम असताना खर्रा तर मुळीच नको.

आमची मागणी साधी आहे. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रापर्यंत शंभर किलोमीटर जाऊन दिवसाची मजुरी बुडवणं शेतमजुराला जमत नाही. बारा आठवड्यांचा गम पदरचे पैसे घालून घेणंही जमत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात 2 मिलिग्रॅमचा गम मोफत मिळावा. आशाताईंना तो चावायची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी, नुसतं पत्रक देऊ नये. आपल्या वृत्तपत्राने 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक ठळक छापावा. तो पाकिटावर छापलेला असतो, पण पानठेल्यावर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही.

बिडी सर्वात जास्त ओढली जाते ती जागलीत. हरभरा-गव्हाच्या पिकावर रानडुकरं, रोही येतात म्हणून माणूस मचाणावर रात्र काढतो, किंवा रात्रीच्या लाईनवर ओलित करत शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसतो. थंडी असते, झोप आवरायची असते आणि हाताशी बिडीबंडल असतं. हरभरा पेरून झाला की जागल सुरू होईल. गम त्याआधी उपकेंद्रात यायला हवा.

आपला,
एक औषधनिर्माता, ता. दारव्हा, जि. यवतमाळ