घोंगडीचं सूत कातणार कोण?

मा. संपादक,

पर्यावरणपूरक कापडाच्या प्रदर्शनांच्या बातम्या हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर येतात. मी विणकाम करते. अशाच एका बातमीत माझाही फोटो छापून आला होता. त्यात जे राहून गेलं, ते लिहिते.

कॉलेजात आम्ही मेरिनोवर शिकलो. ऑस्ट्रेलियाची लोकर, मऊ, पांढरी, हवा तो रंग घेणारी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तिच्या जवळपास दुप्पट जाड, अंगाला टोचणारी, म्हणून शिक्षकांनी एका वाक्यात आटोपलेली. पुढे पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली, खांद्यावर घोंगडं टाकलेली माणसं पाहिली आणि स्वतःचीच थोडी लाज वाटली.

एका धनगर मामांकडून दोन पोती लोकर आणली. ते पैसेच घेईनात. "कातरणाऱ्यालाच पदरचं द्यावं लागतंय. लोकर कोण घेतंय? वड्याला टाकतोय." पोतं उघडलं तर काळी, करडी, तपकिरी लोकर एकत्र, वर लेंड्या, कुसळं, गोखरूचे काटे. एका सूतगिरणीनं ती परत पाठवली, यंत्र बिघडेल म्हणाले. महिनाभर मी नुसती निवडत बसले. पण रंग वेगवेगळे केल्यावर कळलं, रंगवायची गरजच नाही. मेंढीच्या अंगावरच सात-आठ छटा असतात.

या लोकरीचा स्वेटर होणार नाही, हे खरंच. आसन, जाजम, भिंतीवरचं काम मात्र झकास होतं. घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या खड्डा मागावर, चिंचोक्याची खळ दिलेल्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, जी घट्ट वीण बसते, ती मला गिरणीच्या सुतात कधी साधली नाही.

अडतं ते सुतापाशी. माझ्यासाठी चरख्यावर कातणाऱ्या मावशी सत्तरीच्या आहेत. सुनेनं चरख्याला हात लावलेला नाही, आणि तिनं लावावा तरी कशाला? त्याहून भांगलणीला जास्त मिळतं. मी मजुरी वाढवली, तर आसनाची किंमत ऐकून गिऱ्हाईक मला पानिपतच्या ब्लँकेटचा भाव सांगतं. तिकडे मेंढपाळही मटणाकडे बघून माडग्याळी जातीच्या मेंढीशी संकर करतात. त्या मेंढीच्या अंगावर लोकर नावालाच. त्यांना तरी दोष कसा द्यावा!

मेंढ्यांच्या योजना वजनाचं बोलतात, लोकरीचं फारसं कोणी बोलत नाही. कातरतानाच रंगवार पोती भरली, तालुक्याला एक पिंजण यंत्र आलं आणि कातणाऱ्या बायकांना निदान रोजगार हमीइतकी मजुरी मिळाली, तरी पुष्कळ. नाहीतर 'स्थानिक लोकरीची कला' मावशींच्या पिढीबरोबरच संपेल, मग माझे फोटो छापून काय उपयोग?

पुढच्या प्रदर्शनात पाटीवर माझ्या नावाशेजारी मावशींचं नाव लावायचं ठरवलंय. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे. चष्म्याचा नंबर वाढलाय, त्येवढं बघ."

– एक विणकर वाचक, जि. कोल्हापूर