गोल्ड स्टँडर्डला हात लावू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
१२ जून

प्रिय संध्या,

फार दिवसांनी लिहितेय. गुडघा बरा आहे, बीपी गोळ्यांवर आहे, झालं. पत्राचं कारण वेगळं आहे. तुझ्याकडे गेलेला, सावलीत पानांच्या शोभेसाठी लावायच्या होस्टाच्या गोल्ड स्टँडर्ड जातीचा तुकडा ज्या गड्ड्याचा होता, त्याच्या पानांवर खुणा दिसताहेत. कडेचा हिरवा रंग शिरांवरून सोनेरी मध्यात उतरलाय, टीपकागदावर शाई फुटावी तसा. त्या रेघांपाशी पान चुरगळलेलंही आहे. हा होस्टा व्हायरस एक्स असणार. तपासणीची स्ट्रिप मागवली आहे, पण तोवर तू तुझ्या झाडाला कात्री, खुरपं काही लावू नकोस.

१९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात बेन लॉकहार्टनी हा विषाणू ओळखला. तो किड्यांमार्फत नाही, रसातून पसरतो. पान कापलं, देठ तुटला, गवत कापायच्या यंत्राची दोरी लागली, की तोच रस पुढच्या झाडाच्या जखमेत जातो. आणि लागण झाल्यावर खुणा उमटायला एक हंगाम, कधी काही वर्षंही लागतात. म्हणून तुझं झाड आज चकचकीत दिसत असेल तरी त्यावर विसंबू नकोस.

तपासणी सोपी आहे. अ‍ॅग्डिया कंपनीची स्ट्रिप घे. संशयित पानाचा छोटा तुकडा पिशवीतल्या द्रावणात चुरड आणि स्ट्रिप बुडव. दोन रेघा आल्या तर लागण, एकच आली तर नाही. लागण नवी असेल तर विषाणू सगळ्या पानांत पोचलेला नसतो, म्हणून एक रेघ आली तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बघ.

तू लगेच होस्टाच्या ‘जून’ जातीकडे बोट दाखवशील, हे मला माहीत आहे! जूनच्या पानात निळसर हिरव्या रंगाचे फटकारे जन्मजात असतात, पण ते कडेकडून येतात आणि पान सपाट राहतं. विषाणूचा रंग शिरा धरून चालतो. ऑगस्टमध्ये दोन शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे आले तर ते पानांतले सूत्रकृमी, म्हणजे सूक्ष्म जंत, तो वेगळा आजार. आणि हॅलसियन जातीचा निळेपणा उन्हाने जातो, कारण तो वरच्या मेणाचा असतो. ते सोड.

लेपर्ड फ्रॉगवरून आपण किती भांडलो होतो! तुला ते ठिपके हवेच होते. ब्रेक डान्स, लुनसी, लेपर्ड फ्रॉग ही सगळी रोगट झाडंच नव्या जाती म्हणून विकली गेली होती. त्या भांडणात मी एक इंचही मागे हटणार नाही.

दोन रेघा आल्या तर औषध नाही. नुसती पानं छाटून काही होत नाही, विषाणू गड्ड्यात आणि मुळांत असतो. फुटभर जास्त घेर धरून खण, सगळी मुळं काढ, पिशवी बांधून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये अजिबात नको. मागे राहिलेल्या जिवंत मुळातून पुन्हा कोंब येतो, म्हणून निदान दोन वर्षं तिथे होस्टा लावू नकोस. फर्न किंवा अ‍ॅस्टिल्बी लाव, सावलीत छान येतात.

हत्यारं आधी साबणाने धू, कारण पात्यावर रस चिकटलेला असला की ब्लीच निकामी होतं. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. नंतर धुऊन तेलाचा हात फिरव, नाहीतर गंजेल. प्रत्येक झाडानंतर हातही धू. वसंतात गड्डे फोडशील तेव्हा प्रत्येक गड्ड्याला स्वच्छ सुरी, आणि तुकड्याला दोन-तीन कोंब तरी ठेव. शरदात हिरवी पानं कापू नकोस. चांगली हिमं पडली की ती सुकून हाताने अलगद निघतात.

अनिकेतला ॲडमिशन मिळाली हे वहिनींकडून कळलं, फार आनंद झाला. तुझ्या नव्या नोकरीचं सविस्तर लिही. पण आधी पानाचा फोटो पाठव, उजेडाविरुद्ध धरून काढलेला.

तुझी,
नीला

ता. क. पुण्याच्या माईंना होस्टाचे गड्डे पाठवू नकोस. ह्याला हिवाळ्यात दीड-दोन महिने चार-पाच अंशांची झोप लागते, ती तिथे मिळत नाही. दर वर्षी बारीक होत जाईल आणि त्या हळहळतील.