ड्रमरदादा, बेस मी तुझ्याकडून शिकले

प्रिय दादा,

तू बेस गिटार वाजवत नाहीस. तरी बेस कुणाकडे शिकलीस असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी पहिलं नाव तुझंच येतं, आणि विचारणारा माझ्याकडे बघतच राहतो. म्हणून हे पत्र उघड लिहायचं ठरवलं. तुझे आभार मनापासून मानायचे आहेतच. शिवाय ज्यांनी नुकताच बेस हातात घेतलाय त्यांनाही कळावं, की शेजारी बसलेल्या ड्रमरकडून किती घेण्यासारखं असतं.

हातांचं शिक्षण मला माझ्या सरांनी दिलं. त्यांचं ऋण वेगळं आहे आणि ते कधी फिटायचं नाही. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात, गिटारच्या जाड चार तारांसारख्याच, फक्त एक सप्तक खाली. नेहमीच्या बेसवर तारेची लांबी, म्हणजे स्केल, 34 इंच असते. त्यामुळे पहिल्या काही फ्रेट्सवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चार बोटं चार घरांत ताणून बसवण्याचा हट्ट लहान हातांना झेपत नाही. तिथे तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवर तीन घरं सांभाळायची, अनामिका करंगळीच्या आधाराला ठेवायची. ही पद्धत मोठ्या उभ्या डबल बेसकडून आली आहे. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवायचं, म्हणजे कमी जोरात सूर स्वच्छ येतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवायचं. हे सगळं सरांनी घोटून घेतलं. पण हात तयार झाले म्हणजे बेस आला असं नसतं, हे मला तुझ्यासमोर बसल्यावर समजलं.

तू पहिल्यांदा काय सांगितलंस आठवतं? बेस बाजूला ठेव आणि माझी किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, तोंडाने म्हणून दाखव. आपल्याकडे तबला शिकणारं पोर आधी बोल पाठ करतं, हात नंतर चालतो. तू तेच माझ्याकडून करून घेतलंस. ‘डुम्’ म्हणजे किक, ‘टाक्’ म्हणजे स्नेअर, काठीने वाजणारा खणखणीत ड्रम. एक, दोन, तीन, चार असं पायाने मोजत राहायचं आणि तोंडाने ‘डुम्, टाक्, डुडुम्, टाक्’ म्हणायचं. तोंडाने नीट म्हणता येईपर्यंत तू मला तारेला हात लावू दिला नाहीस. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. कुठलंही गाणं घ्या, बेसकडे लक्षच देऊ नका, फक्त किक कुठे पडतेय ते शोधा आणि म्हणा. मग बेस घ्या आणि एकच सूर त्या किकवर वाजवा. एकच सूर. पाच मिनिटं. किक आणि बेस इतके एकावर एक पडले पाहिजेत की ऐकणाऱ्याला दोन वाद्यं वेगळी काढता येऊ नयेत. किकला सूर नसतो आणि बेसला धक्का कमी असतो. दोन्ही एका क्षणी आले की त्या क्षणाला धक्काही मिळतो आणि सूरही. किकचा प्रत्येक ठोका बेसने उचलायलाच हवा असं मात्र नाही, हेही तूच नंतर सांगितलंस. कुठला उचलायचा आणि कुठला सोडायचा, ही निवड म्हणजेच बेसची चाल.

यापुढचं जे दिलंस ते माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं. सूर कुठे सुरू करायचा ते सगळेच शिकवतात. तू मला सूर कुठे संपवायचा ते शिकवलंस. आपण एक साधी चाल धरली होती, आणि तू म्हणालास, ‘माझी स्नेअर वाजेल तेव्हा तुझा सूर बंद असू दे.’ मी तसं केलं. स्नेअर एकदम मोकळी झाली! तिच्याभोवतीची गर्दी हटली, गाण्याला चाल आली, आणि मी एकही जास्तीचा सूर वाजवला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक सुराला लांबी असते आणि ती मला ठरवायची असते, हे माझ्या हातात बसलं.

नव्यांसाठी ही क्रिया जरा जवळून सांगते, कारण ती दिसते सोपी. दाबलेला सूर थांबवायचा तर डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलून हवेत न्यायचं नाही. फक्त दाब सोडायचा. तार फ्रेटवरून सुटते, बोटाला मात्र चिकटलेलीच राहते आणि सूर मिटतो. एवढ्यात एक खोच आहे. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या आसपास एकच बोट असं हलकं टेकलं, तर तार गप्प होण्याऐवजी घंटीसारखा बारीक हार्मोनिक देते. म्हणून सूर बंद करताना शेजारचं एखादं बोटही तारेवर हलकेच टेकवायचं. दोन ठिकाणी स्पर्श झाला की तार निमूट होते. मोकळी तार वाजवली असेल तर तीही अशीच हाताने मिटवावी लागते. आणि उजव्या हाताचा अंगठा? तो पिकअपवर (तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा भाग) कायमचा ठोकून ठेवू नका. पातळ तारा वाजवत असाल तेव्हा तो खाली सरकवून जाड तारांवर विसावू द्या, म्हणजे त्या आपोआप गुणगुणत बसणार नाहीत. बेसवर निम्मं काम सूर काढण्याचं, निम्मं काम नको ते सूर दाबण्याचं.

मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र, त्याबद्दलही तुझेच आभार. माझ्यासाठी तो पहारेकरी होता, तू त्याला जोडीदार केलंस. आधी वेग कमी करायला लावलास. मिनिटाला 60 ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये पूर्ण एक सेकंद. त्या मोकळ्या सेकंदात आपण घाई करतो की रेंगाळतो ते लख्ख उघडं पडतं. मग तू क्लिक दोन आणि चार या मात्रांवर धरायला लावलीस. म्हणजे गाणं 80 च्या वेगात असेल तर मेट्रोनोम 40 वर लावायचा आणि वाजणारा प्रत्येक ठोका स्नेअरचा आहे असं मानून चालायचं. पहिली मात्रा मग कुणी देत नाही, ती आपली आपणच धरायची. एरवी समेची वाट बघणारे आपण, इथे सम आपल्याच अंगात असावी लागते. सुरुवातीला चार आवर्तनं टिकली तरी खूप झालं. ज्या दिवशी क्लिक ऐकू येईनाशी होते, म्हणजे आपल्या सुराखाली झाकली जाते, त्या दिवशी ओळखावं की जमलं.

सुरांची निवड हा तुझा प्रांत नाही, असं तू नेहमी म्हणतोस. पण ‘मोजकंच वाजव, पण जागेवर वाजव’ या तुझ्या एका वाक्याने माझी निवड सुधारली. कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा) मूळ सूर, त्याचा पंचम आणि वरचा षड्ज, एवढ्या तिघांवर अख्खं गाणं उभं राहू शकतं. हाताखाली ते सोपे बसतात. मूळ सुरापासून शेजारच्या पातळ तारेवर दोन फ्रेट पुढे पंचम. एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे वरचा षड्ज. आणि शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला खालचा पंचम. हा आकार गळ्यावर कुठेही न्या, बदलत नाही, कारण चारही तारा एकमेकींपासून सुरांच्या सारख्याच अंतरावर लावलेल्या असतात. नवीन कॉर्ड आली की पहिल्या मात्रेवर तिचा मूळ सूर द्या. सजावट करायचीच असेल तर चार किंवा आठ आवर्तनांच्या शेवटी, आणि तीही ड्रमर तिथे काही करत नसेल तर. दोघांनी एकदम अशी सजावट, म्हणजे फिल, घेतली की गाण्याखालची जमीनच सरकते.

तू ऐकायला लावलंस तेही किती निवडून! बेसवाले ऐक असं न सांगता तू जोड्या ऐकायला सांगितल्यास, आधी बेसवाला, मग त्याचा ड्रमर. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओतले जेम्स जेमर्सन आणि बेनी बेंजामिन. मेम्फिसचे डक डन आणि अल जॅक्सन. जमैकाचे रॉबी शेक्सपिअर आणि स्लाय डनबार. लेड झेपेलिन बँडचे जॉन पॉल जोन्स आणि जॉन बोनम. जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचे, हे ऐकून मला इतका धीर आला होता. त्या एका बोटातून निघालेल्या चाली आजही बेस शिकणारे बसवतात. रेगेचा ‘वन ड्रॉप’ तू मला वाजवून दाखवलास: पहिली मात्रा किकने चक्क रिकामी सोडायची आणि वजन तिसऱ्या मात्रेवर टाकायचं. रिकामी जागासुद्धा तालाचा भाग असते हे मला त्याआधी माहीत होतं, पण अंगाला कळलं ते तेव्हा. म्हणूनच नव्यांना मी म्हणते, एकल बेसचे वेगवान करामतींचे व्हिडिओ जरूर पाहा, पण दिवसातून एक गाणं असं ऐका ज्यात बेस आणि ड्रम सोडून कशाकडेच लक्ष द्यायचं नाही.

खरं तर या वाद्याचा जन्मच अशा सोबतीसाठी झालेला. मोठा डबल बेस न्यायला अवघड, आणि ड्रम नि ॲम्प्लिफायर लावलेल्या गिटारींच्या आवाजात तो ऐकूही यायचा नाही. 1951 मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. गळ्यावर फ्रेट असल्याने सूर नेमका लागतो, म्हणून ते नाव. आपल्याला आज जे आयतं हातात मिळतं ते ड्रमसोबत ऐकू यावं याच गरजेतून घडलेलं आहे.

आवाजाबद्दल तू थोडंच बोललास, पण नेमकं. घरी एकटीने वाजवताना ॲम्पवरचा बेसचा नॉब वाढवला की छान गुबगुबीत वाटतं. बँडमध्ये तोच आवाज तुझ्या किकमध्ये मिसळून चिखल होतो. ‘मिड थोडा वाढव, मला तुझे सूर ऐकू येऊ देत,’ असं तू सांगितलंस (मिड म्हणजे आवाजाचा मधला पट्टा) आणि आवाज न वाढवता मी ऐकू यायला लागले. ॲम्प भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर आणखी फुगतात, तेव्हा तो थोडा पुढे ओढावा. सर्वांत खालची मोकळी ई तार सेकंदाला साधारण 41 कंपनं करते. तिची हवेतली लहर आठ मीटरहून लांब असते. त्यामुळे खोलीत उभं राहण्याची जागा बदलली की बेसही बदलतो. ॲम्पला पाठ लावून उभं न राहता चार पावलं दूर जाऊन ऐकायची सवय तूच लावलीस. सरावाचं रेकॉर्डिंग फोनवर करा, पण ऐकताना हेडफोन लावा. फोनच्या इवल्या स्पीकरमधून हे खालचे सूर नीट बाहेरच पडत नाहीत, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपण वाजवलंच नाही.

शरीराची काळजी घ्यायलाही तूच शिकवलंस, कारण मनगटांवर जगणारा माणूस तू. बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात, पुढे तिथली कातडी घट्ट होते, त्याची चिंता नको. मनगटात किंवा कोपरापर्यंत कळ गेली तर मात्र त्या क्षणी थांबायचं. पट्टा असा बांधावा की बसून आणि उभं राहून बेस साधारण एकाच उंचीवर येईल. फार खाली लोंबवला की डावं मनगट मुरडतं. आणि कान! सरावाच्या खोलीत तू मला इअरप्लग दिलेस आणि ते घातल्याशिवाय काठ्या हातात घ्यायचं नाकारलंस. 85 डेसिबलच्या वर गेलं की दर तीन डेसिबलला ऐकण्याची सुरक्षित वेळ निम्मी होते, आणि झांजेशेजारी उभं राहिलं तर तो आकडा कधीच मागे पडलेला असतो. इतक्या आपुलकीने माझ्या कानांचा विचार करणारं आधी कुणी भेटलं नव्हतं.

दादा, या सगळ्याहून मोठं म्हणजे तुझा वेळ. तुला कितीतरी अवघड वाजवता येत असताना माझ्यासाठी तू तोच साधा ठेका न कंटाळता धरून बसायचास. वेग तसूभर हलायचा नाही. मी सुटले तरी तू थांबायचा नाहीस, माझ्याकडे वळून बघायचाही नाहीस, फक्त चालत राहायचास, म्हणजे मला परत आत शिरायला दार उघडं राहायचं. चुकलं तर थांबून पहिल्यापासून सुरू करायची सवय माझी तिथेच मोडली. गाणं थांबत नसतं, पुढच्या पहिल्या मात्रेवर आत यायचं. हे तू शब्दांनी कधी सांगितलं नाहीस, वाजवून सांगितलंस.

आता कुणी मला बेस शिकव म्हणून विचारलं, तर मी आधी सुचवते की एखादा ड्रमर गाठा. चांगला वाजवणारा मिळाला तर उत्तम. तुमच्यासारखाच शिकणारा मिळाला तरी चालेल, दोघं मिळून मोजायला शिकाल. त्याच्या हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या जोडझांजांच्या) बाजूला उभे राहा, त्याचा किकचा पाय दिसेल अशी जागा धरा.

आणि एक मागणं आहे. शफलमध्ये एका मात्रेचे तीन भाग होतात आणि मधला आपण सोडतो, तिथे तिसऱ्या भागातला सूर किती आखूड ठेवायचा याचा अंदाज मला अजून हवा तसा येत नाही. संथ शफलमध्ये एक लांबी बरी वाटते, वेगात दुसरी. तुझ्या राइड सिम्बलसोबत, म्हणजे ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेसोबत, धरून बघितलं तर कळेल असं वाटतंय. पुढच्या वेळी तास-दीड तास काढशील का? इअरप्लग माझे मी आणेन.

मनापासून आभार, दादा.

तुझ्या हाय-हॅटच्या बाजूला उभी राहणारी,
बेसवाली