पाच गुणांत बारा नंबर

संपादक महोदय,

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडले की ठाण्यातल्या नावाजलेल्या शाळांमधले पालक पहिल्यांदा विचारतात, ‘वर्गात कितवा?’ घोडबंदर रोडवरच्या एका चांगल्या शाळेने तर अख्ख्या वर्गाचे विषयवार गुण, नावांसकट, उतरत्या क्रमाने लावून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. आमच्या शेजारची मुलगी त्यात तेविसावी आहे. तिची आई यादीची प्रिंट घेऊन माझ्याकडे आली, कारण मी बरीच वर्षे दहावीला गणित शिकवले आहे.

तिला ६०० पैकी ५२४ आणि अकराव्या आलेल्या मुलाला ५२९. मधे बारा नंबर, गुण पाच! भाषांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या बाईंकडे तपासायला गेल्या असत्या तरी एवढा फरक सहज पडला असता.

पण खरी गोम पुढेच आहे. राज्य मंडळ सहा विषयांची परीक्षा घेते आणि टक्के काढताना सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरते. शाळेची यादी मात्र सहाही विषयांच्या बेरजेवर बेतलेली. या मुलीचे गुण ९४, ९२, ९१, ९०, ८७ आणि सामाजिक शास्त्रांत ७०. ते ७० बाजूला काढले की ४५४, म्हणजे ९०.८ टक्के. अकराव्या मुलाला एका विषयात ८९ आणि बाकी पाचांत ८८. त्याचे पाच विषय धरले तर ४४१, म्हणजे ८८.२ टक्के. अकरावीचा प्रवेश ज्या हिशेबाने होतो, त्या हिशेबाने ही मुलगी त्याच्या पुढे आहे. आणि घरी काय ठरले होते? तिचा गणिताचा क्लास बदलायचा. ते ९४ गणितातलेच आहेत! पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती, हे आईने जाता जाता सांगितले.

अशा शाळांत पूर्वपरीक्षेचा पेपर मुद्दाम अवघड काढतात, हातही आखडता ठेवतात. त्यात गैर काही नाही, मीही तसे पेपर काढले आहेत. पण त्या टक्क्यांची तुलना दुसऱ्या शाळेशी किंवा बोर्डाच्या निकालाशी करायला आधारच नसतो. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. त्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. मुले वेगळी, पण त्याच वकुबाची. सीबीएसईत तर विषयाची ए-१ श्रेणी उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना मिळते, ठरावीक टक्क्यांना नाही. एकाच सोसायटीतल्या दोन बोर्डांच्या मुलांना शेजारी शेजारी उभे करून बोलणाऱ्यांनी निदान एवढे तरी समजून घ्यावे.

तुलना नकोच असे माझे म्हणणे नाही. आपले मूल कुठे कमी पडते हे पालकाला कळलेच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक विषयातला वर्गाचा मध्यक, म्हणजे सगळ्यांचे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या. दहावीच्या बीजगणितात आपण तो शिकवतोच. नुसती सरासरी दिली तर दोन-तीन मुलांच्या फार कमी गुणांनी ती खाली ओढली जाते. मध्यकाचे तसे होत नाही. वर्गाचा सामाजिक शास्त्रांचा मध्यक ८४ आणि आपल्या मुलीला ७०, एवढे कळले असते तर त्या आईने बरोबर जागी लक्ष घातले असते.

पूर्वपरीक्षेच्या गुणपत्रकावरचा वर्गातला नंबर काढून टाकावा, एकूण टक्क्यांशेजारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांचे टक्के छापावेत आणि प्रत्येक पालकाला फक्त आपल्या पाल्याचा कागद मिळावा. पालक-शिक्षक संघाच्या एका बैठकीत ठराव होण्याजोगे हे काम आहे, त्याला पैसाही लागत नाही. ठाणे, नवी मुंबईतल्या ज्या मुख्याध्यापकांना यात अडचण दिसते, त्यांनी ती आपल्या वृत्तपत्रातून मांडावी, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, ठाणे (प.)