चेत्या, काकांचा बगीचा माझ्या एक्सेलमध्ये आला

नागपूर, रविवार रात्र

चेत्या,

फोनवर हे सांगता येत नाही बे, म्हणून लिहून राहिलो. फोनवर तू मधेच हसतोस नाहीतर तुझी मीटिंग लागते. इकडं सगळे बरे, आईचा गुडघा तसाच, बाबांची शुगर आटोक्यात, आजी अजून तुला चंदनच म्हणते.

तर ऐक. आमचं ओजेटी सुरू आहे ना, ऑन जॉब ट्रेनिंग, सहाव्या सेमला चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तास कुठंतरी जाऊन खरं काम करायचं. मेजर गणित आणि मायनर अर्थशास्त्र असलेल्या पोराला नेमकं कुठं बसवायचं हे कॉलेजात कोणालाच सुचत नव्हतं, अर्धा वर्ग सीएच्या ऑफिसात व्हाउचर लावून राहिला आहे. मला एक संत्रा खरेदी करणारी कंपनी मिळाली. नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. ऑफिस कळमन्याच्या फळ मार्केटच्या बाजूला, प्रजापती नगरपर्यंत मेट्रो आणि तिथून ऑटो. सकाळी मार्केटच्या बाहेर ट्रकांची जी लाईन लागते ती पाहून तुला तुमचं अंगण आठवेल.

काम एकच दिलं, पुढच्या पंधरा दिवसांत भाव कुठं जाईल ते सांग. मला किती आनंद झाला होता तुला काय सांगू. तीन वर्षं कंटिन्युटी, मॅट्रिक्स, रिग्रेशन, इलॅस्टिसिटी असं वेगवेगळ्या वह्यांत शिकलो आणि इथं ते सगळं एकाच टेबलावर. सरकारचं ॲगमार्कनेट आहे, त्यावर रोजची आवक आणि किमान, कमाल, मोडल (ज्या भावानं जास्तीत जास्त माल गेला तो) असे तीन भाव मिळतात, कोणालाही, फुकट. ते उतरवून घेतलं, सुट्ट्या, रमजान, गारपीट यांचे डमी टाकले (त्या दिवशी असेल तर एक, नसेल तर शून्य), लॅग म्हणजे मागच्या दिवसांचे भावही टाकले. एक गोष्ट तुला आवडेल. सगळ्यात साधा अंदाज म्हणजे 'आज जो भाव तोच उद्या', आणि ह्याला हरवणं फार अवघड आहे बे! मोठमोठी मॉडेलं ह्या एका ओळीपुढं झोपतात. माझंही झोपलं होतं. मग साहेबांनी कंपनीचं एक रजिस्टर दिलं आणि एकदम अंदाज लागायला लागले.

त्या रजिस्टरमध्ये काय होतं सांगू? त्यांची माणसं गाडीवर गावोगाव फिरतात, कोणाच्या बगीच्यात माल किती, रंग आला का, कोण कधी तोडणार, सगळं लिहून आणतात. म्हणजे कळमन्यात आवक यायच्या आधीच ह्यांना आवक माहीत. भाव ठरतो आवकेवर, आणि आवक ह्यांच्या कपाटात. माझं गणित वरचं पॉलिश होतं, खरी ताकद त्या कपाटात होती.

मग ती मीटिंग झाली. पडद्यावर माझी रेघ वर जाऊन राहिलेली, मृगाचा माल, म्हणजे पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडी निघणारा, ह्या वर्षी कमी आहे, भाव चढणार. साहेबांनी पाहिलं, म्हणाले छान, आणि खरेदीच्या माणसांना सांगितलं की काटोल पट्ट्यातले सौदे ह्याच आठवड्यात पक्के करून घ्या. दोन दिवसांनी झालेल्या सौद्यांची यादी एन्ट्रीसाठी माझ्याकडं आली. गाव तुमचं. सातव्या ओळीत काकांचं नाव. झाडं, अंदाजे टन, दर, इसार दिला त्याची तारीख. दर इथं लिहीत नाही, काकांना तो माहीतच आहे. आणि त्यानंतर भाव कुठं गेला हेही त्यांना रोज मार्केटमधून कळत असेल.

मी ती ओळ टाईप केली. तुमच्या विहिरीजवळची ती वाकडी रांग, जिथं तू पडलास आणि नाव माझं सांगितलंस (मी ते विसरलो नाही, काकूंनी मला रागावलं होतं), ती आता माझ्या शीटमध्ये एक सेल आहे.

साहेब वाईट माणूस नाही हे आधी सांगतो, नाहीतर तू लगेच भांडायला उठशील. त्यांनी मला फळ हातात घेऊन साल सुटलेलं, पोचट फळ कसं ओळखायचं ते शिकवलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे, आम्ही नाही घेतलं तर दुसरा घेईल, शेतकऱ्याला रोख पैसा लागतो, गारपीट झाली तर नुकसान आमचं. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही चेत्या. तो जीपवाला व्यापारी आठवतो? ज्या वर्षी भाव पडला तो इसार सोडून गेला, परत फिरकलाच नाही, आणि काकांनी मग माल कसा काढला ते आपण दोघांनी पाहिलं. आम्हाला ह्या सेमला ऑप्शन शिकवलं, म्हणजे पुढं ठरलेल्या भावानं घ्यायचा हक्क, बंधन नाही. भाव चढला तर घ्या, पडला तर सोडून द्या, जाईल तो फक्त प्रीमियम, म्हणजे त्या हक्कासाठी आधी दिलेला पैसा. मी बाकावर बसल्या बसल्या वहीत लिहिलं, इसार. अख्खा विदर्भ पिढ्यान् पिढ्या कॉल ऑप्शन विकून राहिला आहे आणि त्याची किंमत ठरवतो विकत घेणारा. १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी जे सूत्र दिलं त्यात स्पष्ट आहे की भावाची चढउतार जितकी जास्त तितकी ह्या हक्काची किंमत जास्त. म्हणजे ज्या वर्षी काहीच भरवसा नाही त्या वर्षी इसार मोठा पाहिजे. आपल्याकडं उलटं होतं, त्याच वर्षी शेतकरी घाबरून मिळेल तो इसार घेतो.

आता माझी खरी अडचण. साहेब म्हणाले, परीक्षा झाली की इथंच ये. पगार चांगला आहे, बाबांनी ऐकताच पेढे आणले. आणि मी चौथं वर्ष करायचं म्हणून राहिलो, ऑनर्स विथ रिसर्च. पहिल्या सहा सेमला ७५ टक्के लागतात, माझे होतात. बाबा म्हणतात, एक वर्ष अजून शिकून काय वेगळं होणार, काम तर तेच करशील. मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून तुला देऊन पाहतो.

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच आला. ॲगमार्कनेट सगळ्यांचं आहे, तर दर रविवारी अंदाज काढून तुमच्या गावच्या ग्रुपवर का टाकू नये? कंपनीचं रजिस्टर मी वापरणार नाही, बाहेर काही द्यायचं नाही असं सही करून दिलं आहे आणि ते पाळणार. पण समज मी टाकलं की पंधरा दिवसांनी भाव चढेल. सगळे थांबतील. पंधरा दिवसांनी सगळ्यांचा माल एकदम कळमन्यात, आणि भाव पडेल. म्हणजे अंदाज सांगितला म्हणूनच तो खोटा ठरला. ह्यानं माझी झोप गेली बे. जो अंदाज एकट्याजवळ असला तरच खरा आणि सगळ्यांना सांगितला की खोटा, तो मग कायम एकट्याच्याच कामाचा.

मग लायब्ररीत शोधता शोधता सापडलं की हा प्रश्न १९५४ साली ग्रुनबर्ग आणि मोदिग्लियानी ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी घेतला होता, आणि त्याच वर्षी हर्बर्ट सायमननंही, निवडणुकीच्या अंदाजाबद्दल. उत्तर काय माहीत आहे? ज्या प्रमेयावरून तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास ते! इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरम. फर्स्ट इयरला तू म्हणालास, ह्या काठावरून त्या काठावर जायचं तर नदीत पाय पडणारच, ह्याला सिद्धता कायले पाहिजे, आणि मी म्हणालो, फक्त परिमेय संख्या घे, एक्सचा वर्ग वजा दोन ऋणातून धनात जातो आणि शून्याला शिवतच नाही. तू वही फेकली होतीस. पण आता बघ. मी भाव 'एक्स' जाहीर केला, लोक त्याप्रमाणे वागले, आणि प्रत्यक्ष भाव आला 'एफ ऑफ एक्स'. शून्य जाहीर केला तर खरा भाव त्याच्या वरच राहणार. फार मोठा जाहीर केला तर खरा त्याच्या खाली. मधे कुठंतरी दोन्ही सारखे, म्हणजे असा एक अंदाज आहे जो सगळ्यांना सांगूनही खराच निघतो! एका भावासाठी आपलं फर्स्ट इयरचं प्रमेय पुरतं, जास्त बाजार एकत्र घेतले तर ब्राउवरचं लागतं, ह्याचाच मोठा भाऊ समज. मी हे वाचलं तेव्हा लायब्ररीत कोणाला सांगावं कळेना, तू तिथं पाहिजे होतास.

अट एकच, एफ अखंड पाहिजे, म्हणजे मधे कुठं उडी नको. आणि इथंच मला काका पाहिजेत. लोक हळूहळू बदलतात की उडी मारतात? गारपिटीची बातमी आली की अख्खं गाव एकाच दिवशी तोडायला लागतं, ती उडी आहे, तिथं प्रमेय लागत नाही. शिवाय थांबायलाही किंमत आहे. मृगाचं फळ ठेवून ठेवून उन्हाळा लागतो, साल सुटते. अंबियाचं, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराचं, ठेवलं तर पुढच्या बहाराचा ताण (फुलाआधी झाडाचं पाणी तोडतात तो) लांबतो, म्हणजे आज चार पैसे जास्त आणि पुढच्या वर्षीचा बहार पणाला. हे कोणत्याच डेटामध्ये नाही, काकांच्या डोक्यात आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला कालच मेट्रोत सुचली. कंपनीच्या कपाटात जे आहे ते मुळात आहे कोणाचं? बगीच्यात माल किती आणि कधी तोडणार हे शेतकऱ्याइतकं कोणालाच माहीत नाही. गावानं आपसात हेच एकमेकांना सांगितलं तर ते रजिस्टर कंपनीपेक्षा चांगलं होईल, गाडी फिरवायची गरज नाही. प्रश्न असा की लोक खरं सांगतील का? मी तोडणार सोमवारी आणि सांगितलं पुढच्या महिन्यात, तर माझा फायदा होतो का? कोणत्या नियमाखाली खरं सांगणंच फायद्याचं ठरेल, ह्यावर अर्थशास्त्रात एक अख्खी शाखा आहे, मेकॅनिझम डिझाईन, २००७ चं नोबेल हर्विझ, मास्किन आणि मायर्सन यांना त्यासाठीच मिळालं. मला चौथ्या वर्षी हेच करायचं आहे. काटोलच्या संत्र्यावर, तुमच्या गावात बसून. बाबांना हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, म्हणजे पुन्हा संत्राच ना, मग पगार घेऊन कर. पण एकच काम दोन टोकांकडून करता येतं आणि कोणत्या टोकाला उभं राहायचं हे मला पगार सुरू होण्याआधी ठरवायचं आहे. नंतर ईएमआय लागतो, मग कोणी ठरवत नाही, हे आपण आपल्या दोघांच्याही घरी पाहिलं आहे.

तुझं काय चाललं आहे? हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल लिहू नको, ते सगळेच सांगतात. खोली बदलली का? आणि ती परीक्षा देणार होतास त्याचं काय झालं? काकूंचा चष्मा इथंच करायचा असेल तर सीताबर्डीला मी घेऊन जाईन, सांग. स्वप्निलचं लग्न ठरलं, तुला पत्रिका येईलच, तो तुला घाबरून स्वतः फोन करत नाही.

आता काम. काकांशी बोल. मीच जाणार होतो पण सौद्याची ओळ मी टाईप केली हे त्यांना माझ्याआधी तुझ्याकडून कळलेलं बरं, तुझ्यावर ते कमी चिडतात. त्यांना विचार की गावात शेजारचा कधी तोडणार हे लोकांना खरंखुरं कळतं का, की तिथंही लपवालपवी आहे. आणि अंदाज मिळाला असता तर ते थांबले असते का, की ह्या वर्षी पैसा लागतच होता. दुसरं उत्तर असेल तर माझं अर्धं गणित बदलतं, कारण मग अडचण माहितीची नाही, उधारीची आहे, आणि मला ते आत्ताच कळायला पाहिजे. साहेबांना पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचं आहे. बाबांचे पेढे अजून फ्रीजमध्ये आहेत, मी खाल्ला नाही.

लवकर लिही, आणि लिहीच, फोन नको.

तुझा
अन्या

ता. क. पुढच्या बहाराला कोणी सौद्याला आलं तर काकांना म्हणावं इसार घेताना एक ओळ कागदावर लिहून घ्या, अमुक तारखेपर्यंत माल नाही उचलला तर इसारही आमचा आणि बगीचाही मोकळा. तारीख जितकी जवळची तितका तो हक्क स्वस्त होतो, हे त्याच सूत्रात आहे. पाहिजे तर मी मसुदा करून पाठवतो.