बेवारस गाड्या : नुसती नोटीस चिकटवून काय होणार?

महोदय,
रस्त्याकडेच्या बेवारस वाहनांवर कारवाई केल्याच्या बातम्या पावसाळ्याच्या तोंडावर हमखास येतात. आमच्या गल्लीतल्या मारुती व्हॅनवरही नोटीस चिकटली. चारही चाके बसलेली, डिकीत पाणी साचलेले, टपावर कुणाच्या तरी गाद्या वाळत घातलेल्या. पुढे नोटीस पावसात विरघळली, व्हॅन मात्र जागची हलली नाही. डासांची सोय तेवढी झाली.

अधिकार नाहीत, असे म्हणायला वाव नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२७नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी मारता येतो. पण पालिका वाहतूक पोलिसांकडे बोट दाखवते, पोलीस पालिकेकडे. उचललेली गाडी ठेवायची कुठे, हा खरा अडसर. डेपो आधीच भंगाराने भरलेले.

दुसरे असे की, गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवावे, असे कलम ५५ सांगते. हे किती जणांना ठाऊक असेल? चार-चार हात फिरलेल्या गाडीच्या कागदावर नाव मात्र पहिल्याच मालकाचे! पालिकेने प्रभागनिहाय गाड्यांचे क्रमांक संकेतस्थळावर टाकावेत, आरटीओकडून सध्याचा पत्ता मिळवून खर्चाचे बिल घरी पाठवावे आणि मुदतीत कुणी न आल्यास गाडी थेट अधिकृत स्क्रॅप केंद्रात लिलावाने द्यावी.

— एक वाचक