ओवीला तो भाग बघू दे

चि. प्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

टीव्हीवर माकडापासून माणूस असं काही दिसू लागलं की चॅनेल बदलावं का, असं तू विचारलंस. बदलू नकोस. ओवी सीबीएसईच्या शाळेत आहे. तिथे एनसीईआरटीची पुस्तकं चालतात, आणि २०२३ मध्ये छापलेल्या त्यांच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण पोरीने कॉमर्स घेतलं तर तो तिला भेटणारच नाही. राज्य मंडळाच्या दहावीत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे, मात्र ते पुस्तक तिच्या दप्तरात नसणार. उरला टीव्ही. तो तिला एकटीला बघू देऊ नकोस एवढंच, कारण टीव्हीवाल्यांच्या चुका ठरलेल्या असतात आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्या पकडता येतात.

पहिली चूक चित्राची. चार पायांवरचं माकड, मग वाकलेलं, मग ताठ चालणारं, शेवटी माणूस, ही रांग तू शंभरदा पाहिली असशील. रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने १९६५ मध्ये ती एका अमेरिकी पुस्तकासाठी काढली आणि तिने घातलेला घोळ अजून निस्तरलेला नाही. ती पाहून मूल हमखास विचारतं, ‘मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?’ तिला सांग, चिंपांझी आपला पणजोबा नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तो ना चिंपांझी होता ना माणूस. ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?’ हेही तिच्या कानावर येईल, एखाद्या लग्नात कुणी काका म्हणतीलच. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह याच धर्तीवर बोलले होते, आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढावं लागलं होतं. एका जन्मात माकडाचा माणूस होतो असं विज्ञान म्हणतच नाही, तर दिसणार काय?

दुसरी चूक निवेदनाची, आणि ती जास्त खोल जाते. ‘उंच पाला खाता यावा म्हणून जिराफाने मान लांब केली.’ जिराफाने काहीही केलेलं नसतं. असं वाक्य आलं की रिमोटचं बटण दाब आणि ओवीलाच ते दुरुस्त करायला लाव: ज्यांची मान जन्मतः थोडी लांब होती ते जास्त जगले, त्यांना पिल्लं जास्त झाली, पिल्लांत तो गुण उतरला. फरक, जगणं, वारसा. यातली एक कडी गळली तरी सगळं जादूटोण्यासारखं वाटतं, आणि मग मूल विचारतं, ‘मी रोज लटकले तर माझी मान लांब होईल का?’ उदाहरण द्यायचंच तर प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांचं दे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून डॅफ्ने मेजर या एवढ्याशा बेटावर त्यांच्या चोची मोजत आलं. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या, टणक तेवढ्या उरल्या. बहुतेक पक्षी मेले, आणि वाचले त्यांत जाड चोचीचे जास्त. पुढच्या पिढीची चोच सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड निघाली. एकाही पक्ष्याने स्वतःची चोच वाढवली नव्हती.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा सोय म्हणू. संगणकावर बनवलेले प्राणी. कातडीचा रंग, आवाज, डोळ्यांतले भाव, यातलं बरंचसं कलाकाराच्या अंदाजाचं असतं. ‘यातलं हाड कुठलं सापडलं?’ हा प्रश्न ओवीच्या तोंडी बसव. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ‘लूसी’, दोन पायांवर चालणारी माणसाची जुनी नातलग, ३२ लाख वर्षांपूर्वीची, तिचा सांगाडा सुमारे ४० टक्के मिळाला. आपल्याकडे नर्मदेकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकियांना १९८२ मध्ये मिळाली ती आदिमानवाच्या कवटीची नुसती टोपी, म्हणजे वरचा भाग. ४० टक्क्यांवरून काय सांगता येतं आणि टोपीवरून काय येत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला नीट कळतं.

भाग पाऊण तासाचा असतो. दर पंधरा मिनिटांनी थांबव. डबिंगमध्ये ‘मिलियन’, ‘बिलियन’ तसंच ठेवतात आणि मुलांच्या डोक्यात सगळं एकच होतं. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी. यासाठी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून ४ मीटर ५४ सेंटिमीटरची एक लांब पट्टी करा. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं, एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. खुणा उजवीकडच्या ‘आज’पासून मागे मोजत करा, डावीकडून सुरुवात केली की थोडी थोडी चूक साठत जाते आणि शेवटी डायनासोर माणसाच्या अंगावर येतात. ३५० सेंटिमीटरच्या सुमारास जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या खुणा, ६.६ वर डायनासोरांचा शेवट आणि सह्याद्रीचा काळा दगड, ६ ते ७ मिलिमीटरवर आपण आणि चिंपांझी वेगळे झालो. आपली माणसाची जात ३ लाख वर्षांची, म्हणजे ०.३ मिलिमीटर. बॉलपेनची रेघ त्याहून जाड उमटते.

आता देवघराकडे येतो. व्हॉट्सॲपवर येणारे उत्क्रांतीविरुद्धचे बरेच आक्षेप अमेरिकेतून आलेले आहेत. तिथल्या काही ख्रिस्ती पंथांना जग सहा हजार वर्षांचं मानायचं असतं. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात सृष्टीचं साल इ.स.पू. ४००४ असं काढलं होतं. त्यांचं काळाशी भांडण आहे. आपण संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे’ म्हणतो; कल्प ४३२ कोटी वर्षांचा. ते ओझं आपण का उचलायचं?

पण ‘४३२ आणि ४५४, बघा आपल्या ऋषींना माहीत होतं’ हेही ओवीला सांगू नकोस. चालू कल्पातली साधारण १९७ कोटी वर्षंच सरली असं पंचांगाचं गणित आहे, आणि जीवाच्या खुणा त्याच्या कितीतरी आधीच्या. पोरगी हिशोबात तुझ्यापेक्षा तेज आहे, पट्टीवर मोजून दाखवेल.

दशावताराचंही तेच. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे उत्क्रांतीच की! ही जुळवाजुळव थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ मध्ये, डार्विनच्या ग्रंथानंतर अठरा वर्षांनी मांडली. पुढे बंगालात केशवचंद्र सेनांनीही तसंच म्हटलं. ती टिकत नाही. कासव आणि रानडुक्कर आपल्या पूर्वजांच्या ओळीत नाहीत, आणि सिंह तर नाहीच. शिवाय कथेचंही नुकसान होतं. ना माणूस ना पशू, ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, अशा हिरण्यकशिपूच्या वराला पुरून उरायला नरसिंहाचं ते रूप आहे. त्याला ‘मधला प्राणी’ केलं की प्रल्हादाची गोष्ट संपली. आपल्याकडच्या काही पंचांगांत आणि देवळांत नववा अवतार म्हणून विठोबा उभा असतो, तो या जिन्यावर कुठल्या पायरीला बसवणार?

‘मग देवाने बनवलं नाही का?’ असं ओवी विचारेल तेव्हा घाई करू नकोस. कसं झालं ते हाडं आणि दगड सांगतात. का झालं आणि आपण कसं वागावं, हे त्यांना विचारून उपयोग नाही. नासदीय सूक्तात सृष्टी कुठून आली हे वरच्यालाही ठाऊक असेल की नसेल, इथवर शंका घेतली आहे आणि ते ऋग्वेदात राहिलं. तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणायला बापानेही हरकत नाही.

सुरुवात देवमाशाच्या भागाने करा, माणसाच्या नको. जमिनीवरून पाण्यात गेलेल्या त्या घराण्याचे दुवे पाकिस्तानात, जम्मू भागात कालाकोटला आणि कच्छमध्ये मिळाले आहेत, आणि आजच्या देवमाशातही मागच्या पायांची खुंटलेली हाडं असतात. मे महिन्यात याल तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याबद्दलही सांगा. तिथे डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेत आणि त्यांत गवताचे अवशेष निघाले, म्हणजे डायनासोरांच्या काळीच गवत उगवलेलं होतं. शेणाचं ऐकून ती आधी हसेल, हसू दे.

आई म्हणते, हरिपाठ सातलाच होऊ दे, भाग साडेसातला लावा.

तुझे,
बाबा